फातू, तुझ्या नावाबद्दल

फातू,

काल दप्तर खाली ठेवायच्या आतच विचारलंस, "अम्मी, आपण मराठी आहोत, मग माझं नाव मराठी का नाही?" अरबीच्या बाईंनी वर्गात सांगितलं, फातिमा म्हणजे बाळाचं दूध सोडवणारी, आणि मुलं हसली. मी "नंतर बोलू" म्हणून स्वयंपाकघरात गेले. प्रश्न लागला होता गं.

हे नाव माझ्या नानीचं. खाडीकाठच्या आमच्या घरात तिला फातिमा कुणीच म्हणत नसे, ती फातमाबी. मी सात वर्षांची असताना धाकट्या भावाचं दूध तोडायचं ठरलं. नानीनं कोरफडीचं पान चिरलं आणि तो पिवळा, कडू चीक आईला लावायला दिला. पोरानं तोंड लावलं नि किंचाळलंच. तीन रात्री नानीनं त्याला स्वतःजवळ घेतलं. अंगणात फेऱ्या मारायची, तांदळाची पेज बशीत ओतून फुंकून फुंकून भरवायची. चौथ्या दिवशी त्यानं आपणहून बशीकडे हात केला.

आपण 'दूध तोडणं' म्हणतो ना? अरबीत फातिमा ज्या धातूवरून आलं, त्याचाही अर्थ तोडणं, दूध तोडणं. बाईंनी सांगितलेला अर्थ खराच आहे. पण तो ऐकून मला ती बशी दिसली.

पैगंबरांच्या लेकीचं हे नाव, ते तुला माहीतच आहे. पण ते आपल्याकडे येऊन इतकं रुळलंय की परकं म्हणवत नाही. माझ्या मराठी शाळेत हजेरी घेताना मी काय नि माझ्या बाकावरची सुलभा काय, दोघी "हजर" म्हणून ओरडायचो. 'हजर' अरबीच. 'हिशेब', 'तारीख', 'वकील'सुद्धा. सुलभाला कधी कुणी विचारलं नाही, हा शब्द तुझा कसा?

सावित्रीबाईंनी १८५६ साली माहेरहून, नायगावहून जोतिबांना पत्र लिहिलं. आपण नसल्यामुळे कामाचा भार आपल्या सहकारी फातिमावर पडत असेल, ही काळजी त्या पत्रात आहे. गोव्यात तर ख्रिस्ती घरांतही फातिमा भेटतात. पोर्तुगालमध्ये फातिमा नावाचं गाव आहे. तिथे १९१७ साली तीन मुलांना मेरीमातेचं दर्शन झालं, अशी श्रद्धा आहे.

तरी खरं सांगते, तुझ्या जन्माच्या वेळी मी डगमगले होते. अब्बा म्हणत होते, कुठेही खपेल असं छोटंसं नाव ठेवू. इथे दोहात एका मराठी कार्यक्रमात एक बाई मला म्हणाल्या, "अगं, किती छान मराठी बोलतेस!" तेव्हाही वाटलं, हेच पोरीच्या वाट्याला येणार. आपण तिच्या डोक्यावर ओझं तर नाही ना ठेवलं? अजूनही कधीकधी वाटतं.

वहीवर फातिमा लिही, फातमा लिही, मैत्रिणींना फातू सांग. माझी हरकत नाही. शुक्रवारी मामाचा फोन येईल. पेज खाणारं ते पोर म्हणजे तोच. त्याला विचार, फातमाबी कशी होती.

तुझी
अम्मी