‘कोम’ ही जात नव्हे, आडनावही नव्हे

प्रश्न असा आला आहे: दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावच्या जुन्या नोंदीत पणजीचं नाव ‘मलवा कोम सीदराम’ असं आहे. दुसऱ्या नकलेत तेच ‘मालबा सिद्राम’. ‘कोम’ म्हणजे कोमटी जात का? आणि शिरगणतीतली ही चूक निस्तरायची कशी?

आधी शिरगणती बाजूला ठेवा. जुना कागद हाती लागला की ‘खानेसुमारीचा उतारा मिळाला’ म्हणायची पद्धत पडली आहे, ती फार खटकते. शिरगणतीत माणसामाणसाची भरलेली माहिती कुणाला पाहायला मिळत नाही, १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ त्यासाठीच आहे. छापून येतात ते गावनिहाय, धंद्यानिहाय आकडे, १९३१ पर्यंत जातनिहायही. त्यांत तुमची पणजी एक आकडा आहे, नाव नाही. नाव लिहिलेला कागद म्हणजे कोतवाल बुक (गावच्या जन्ममृत्यूंची वही), फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाची नोंद) नाहीतर शाळेचं जनरल रजिस्टर. (खानेसुमारीतला ‘खाना’ जेवणाचा नव्हे, दवाखान्यातला, म्हणजे घर. ‘शुमार’ म्हणजे मोजणी. ही मोजणी मराठीत येऊन ‘सुमारे’ झाली, यावर जुन्या नोंदी वाचणाऱ्यांनी हवं तेवढं हसावं.)

आता ‘कोम’. अर्थ एवढाच: ‘ची बायको’. मुलग्याच्या नावापुढे ‘बिन’, लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे ‘कोम’. मुंबई हायकोर्टाच्या एकोणिसाव्या शतकातल्या छापील निवाड्यांतही पक्षकारांच्या नावांत हे दोन्ही शब्द जसेच्या तसे आहेत. हद्दीपलीकडे इंडी-विजापूरच्या कन्नड उताऱ्यांत तर ते अजून नांदतात. म्हणून ‘कोम’ला टायपिंगची चूक समजून ‘कोमल’ करणाऱ्यांना हात जोडावेत. जातीच्या रकान्यात ‘कोमटी’ लिहिणाऱ्यांना मात्र हात जोडून भागणार नाही.

खरी गंमत शब्दाच्या कुळात आहे. हा अरबी ‘कौम’: जमात, लोक. जमातीची बायको कशी झाली? मराठीत ती नेहमीच होते. ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ म्हणणारे आजोबा आठवा, गेलेली असते एकटी आजी. ‘आमची मंडळी’ म्हणजेही एकच बाई. ‘कबिला’ हाही अरबीत टोळी, मराठीत बायको. बायकोचं नाव घ्यायचं नाही, तिला बायकोही म्हणायचं नाही, मग अख्खा जमाव पुढे करायचा. कुटुंब, मंडळी, कबिला यांच्या पंगतीत कोम चौथी, असं माझं ठाम मत आहे.

‘कोम’ हा ‘कुटुंब’चाच आखूड केलेला शब्द, असं छातीठोक सांगणारेही आहेत. त्यांनी एक जुना कागद नीट पाहावा. दप्तरात शब्द आखडला की पुढे दोन दंड येतात: राजश्रीचं रा॥, मौजेचं मौ॥. कोमपुढे दंड नसतात, तो पुरा शब्द आहे. शिवाय शेजारी बसलेला ‘बिन’ अरबी, निजामाकडचा ‘वल्द’ (‘चा मुलगा’) अरबी, तिकडचा ‘जौजे’ही (‘ची बायको’) अरबी. दप्तराचे शब्द जोडीनं येतात. ‘औ’चा ‘ओ’ कसा झाला म्हणाल, तर फौज आणि कौल तसेच राहिले हे खरं, पण मौसमचा मोसम झालाच ना?

राहिली नावं. मलवा म्हणजे मल्लव्वा. ‘अव्वा’ म्हणजे कानडीत आई, आणि मोडी लिहिणारा घाईत ‘ल्ल’, ‘व्व’ असली द्वित्तं लिहीत बसत नाही. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढतात, मग तिला अक्षरं लटकवतात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. त्यामुळे नसलेला काना दिसतो आणि ‘म’चा ‘मा’ होतो. पुढची चूक मोडीची नव्हे, बाळबोध (म्हणजे देवनागरी) नकलेची: ‘व’च्या पोटात एक तिरकी रेघ पडली की ‘ब’. मालवाची मालबा झाली, आणि विठोबा-ज्योतिबाच्या चालीवर नक्कल करणाऱ्यानं तिला पुरुष ठरवून ‘कोम’ गाळला. म्हणून दुसरी नक्कल स्वतंत्र पुरावा धरू नका, ती पहिलीचंच बिघडलेलं रूप असू शकते.

‘सी’ की ‘सि’ यावर डोकं शिणवू नका, मोडीत वेलांटी एकच. सिद्रामला शुद्ध करून सिद्धरामही करू नका. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर असलं तरी सोलापुरात माणूस सिद्रामच असतो. शोधताना सिदराम, सिध्राम, शिद्राम, शिदराम असे चारही धरा, स आणि श दोन्हींखाली पाहा.

दुरुस्तीचं म्हणाल, तर लिप्यंतर नको, मूळ मोडी पानाची नक्कल मागा. त्याच पानावर त्याच हातानं लिहिलेला, तुम्हाला पक्का माहीत असलेला शब्द शोधा (गावाचं नाव बहुधा असतंच) आणि त्यातले म, ल, व शेजारी ठेवून ताडून पाहा. मग सिद्रामच्या जमिनीचा सर्व्हे नंबर धरून गाव नमुना ६ मधला वारसाचा फेरफार काढा. मुलं लहान असतील तर त्यांच्या नावांपुढे ‘अ.पा.क.’ दिसेल. तेही आडनाव नव्हे बरं का, ‘अज्ञान पालनकर्ता’. त्याच्यापुढे ‘आई’ असं लिहून जे नाव येईल, ते नीट वाचा.