जुन्या व्ही-क्रॉसला लिफ्ट किती आणि टायर कोणते?

तुमची गाडी २०१६ ची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, लाखभर किलोमीटर झालेली, वापर शेतावरच्या रस्त्याला आणि पावसाळ्यात कोकणात उतरायला. तिला किती उंच करू आणि टायर-रिम कोणते घालू, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्याकडे त्याच वर्षातली गाडी आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी टायर ठरवा, उंचीचं नंतर बघू. आपल्या गाडीला मागे कमानपाट्यांवर अख्खा ॲक्सल आहे. लिफ्ट केली की बॉडी वर जाते, पण ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरचा) गोळा होता तिथेच राहतो, आणि दगडाला आधी तोच लागतो. त्याला वर उचलतो तो फक्त मोठा टायर. मूळ २४५/७० आर १६ टायरचा (रुंदी मिमीत, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) व्यास सुमारे ७४९ मिमी, २६५/७० आर १६ चा ७७७. म्हणजे गोळा १४ मिमी वर येतो. ऐकायला कमी वाटतं, पण चाकोरीत फरक जाणवतो. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ ने धावत असेल. याच्या पुढच्या मापाला जाऊ नका. आपलं इंजिन अडीच लिटरचं, आणि जड टायरचा भार घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये लगेच कळतो.

नक्षी ऑल-टेरेन (डांबर आणि माती दोन्हीला चालणारी) घ्या. मड-टेरेन (खास चिखलाचा) चिखलात छान चालतो, पण ओल्या डांबरावर त्याची पकड कमी पडते आणि तुमचे जास्त किलोमीटर डांबरावरच होणार. टायरवरचा लोड इंडेक्स (किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. स्टेपनीही त्याच मापाची घ्या. फोर बाय फोर (चारही चाकांना जोर) लावल्यावर वेगळ्या व्यासाचं एक चाक सगळ्या गिअरवर ताण आणतं.

रिम १६ इंचीच ठेवा, शक्यतो मूळचेच. रुंद आणि बाहेर आलेले रिम दिसतात भारी, पण बेअरिंगवरचा भार वाढतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डच्या मागच्या कडेला घासतो. नवे घेतलेच तर सहा बोल्ट आणि १३९.७ मिमीचा पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) एवढं जुळून भागत नाही. ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसतो ते माप) आणि मधलं भोकही जुळायला हवं.

आता उंची. पुढे ४० मिमी, मागे २५-३०, बस्स. मी सुरुवातीला पुढच्या स्प्रिंगवर जाड स्पेसर (उंची वाढवणारी चकती) घालून अडीच इंच वर नेली होती. चाक खड्ड्यात सुटलं की शॉकअप पूर्ण ताणून टक् आवाज यायचा. ड्राइव्ह शाफ्टचा (पुढच्या चाकाला जोर नेणाऱ्या दांड्याचा) कोन इतका वाढला की एका पावसाळ्यात त्याच्या सांध्यावरचं रबरी आवरण फाटलं, ग्रीस बाहेर आलं, लाल माती आत गेली आणि जॉइंट बदलावा लागला. तो खर्च तुमच्यावर येऊ नये असं मनापासून वाटतं. स्पेसरऐवजी गाडीला ४० मिमी उंच करणाऱ्या नव्या स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉकअप घ्या. इतक्या वर्षांत जुन्या स्प्रिंग बसलेल्या असतात, त्यामुळे थोडी उंची नव्या स्प्रिंगनेच परत मिळते. मागे एक पाटा वाढवा किंवा संच बदला. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट मात्र नवेच. मागे खत-पोती भरत असाल तर मागची बाजू थोडी उंचच राहू द्या.

हे सगळं करण्याआधी बॉल जॉइंट (पुढच्या चाकाचे गोल सांधे), आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश आणि पाट्यांचे बुश, म्हणजे सांध्यांतले रबर, तपासून घ्या. तेच सैल असतील तर पैसे आधी तिथे घाला. माझ्या गाडीचा निम्मा खडखडाट नुसत्या बुशने गेला. काम झाल्यावर अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत लावून घ्या, चाकं लटकवून ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना ते बघा, आणि ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा.

एक कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली नोंदणीतले तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे सामान विकत घेण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. तिथे नकार आला तर लिफ्ट सोडून द्या. बुश, मूळ उंचीच्या नव्या स्प्रिंग आणि मूळ मापातले ऑल-टेरेन टायर, एवढ्यावरही तुमचा शेताचा रस्ता निघेल.