मोठ्या छपाईपूर्वीचे प्रूफ

गावच्या यात्रेची दोन हजार मराठी-कन्नड पत्रके हे तुमचे पहिलेच मोठे काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पडद्यावरचे रंग प्रकाशाचे असतात आणि कागदावरचे शाईचे, त्यामुळे भडक भगवा किंवा गर्द निळा चार रंगांच्या छपाईत मंदावतोच, आणि ही गोष्ट ग्राहकाला प्रूफ, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, हातात देऊनच समजावता येते. प्रूफ शक्यतो प्रत्यक्ष वापरायच्या कागदावरच काढावे, कारण गुळगुळीत लेपाच्या आर्ट पेपरवरचे प्रूफ पाहून मॅपलिथोवर, म्हणजे लेप नसलेल्या साध्या कागदावर, छापल्यास शाई शोषली जाऊन रंग निस्तेज होतात. ते दिवसाच्या उजेडात पाहावे.

आपल्या बेळगाव-निपाणी भागात खरा धोका अक्षरांचा आहे. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये (संगणकावरच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीत) आणताना मराठीतील रफार व जोडाक्षरे आणि कन्नडमधील अक्षराखाली येणारी जोडणी बिघडू शकते, म्हणून दोन्ही मजकूर ती ती भाषा वाचणाऱ्या वेगवेगळ्या माणसांकडून मूळ प्रतीशी ताडून घ्यावेत. मी एकदा केवळ मराठी बाजू तपासली आणि पाचशे लग्नपत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. ती हळहळ अजून जात नाही.

कापणीसाठी चारही कडांना 3 मिलिमीटर रंग जादा असावा. प्रूफवर ग्राहकाची सही आणि तारीख घेतल्याशिवाय प्लेट (यंत्रावर लावायचा छपाईचा पत्रा) करू नका. पावसाळ्यात कागद ओल धरून वाढतो, तेव्हा यंत्रावरची पहिली काही पाने भिंगाखाली धरून चारही रंगांची जुळणी पाहावी आणि मगच वेग वाढवावा.