गायरानातल्या गाजर गवतावर मेक्सिकन भुंगेरे सोडले तर उपयोग होतो का? शेजारच्या सूर्यफुलाला धोका नाही ना?

उपयोग होतो. पण गाजर गवत 'संपेल' असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं, त्यांनी एक तर भुंगेरे सोडून पाहिलेले नाहीत, नाही तर पुढच्या वर्षी परत जाऊन बघितलेलं नाही. मी आमच्या माळावर हा खटाटोप केलाय आणि पहिल्या वर्षी सपशेल फसलोय, म्हणून लिहितो.

फसलो ते घाईमुळे. मे महिन्यात भुंगेऱ्यांचा डबा मिळाला. ओढ्याकडेला चार-दोन हिरवी झुडपं होती, त्यांवर सोडले आणि घरी आलो. आठवड्याने पाहिलं तर एकही नाही. हा किडा पावसाळ्याचा. चांगले एक-दोन पाऊस पडले की मातीतून वर येतो, सप्टेंबरपर्यंत दणकून खातो आणि थंडीच्या सुमाराला पुन्हा मातीत शिरतो, तो पुढच्या पावसापर्यंत सुप्तावस्थेत. मला हे आधी कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढच्या जुलैत तालुक्याला जाताना रस्त्याकडेच्या गाजर गवताची पानं चाळणीसारखी झालेली दिसली. गाडी थांबवून पानं उलटून पाहिली तर हेच गडी! तुरीच्या दाण्याएवढे, फिक्कट अंगावर गडद तपकिरी रेघा. मेक्सिकोतून १९८३ साली बेंगळुरूत आणले, तपासण्या करून १९८४ मध्ये सोडले आणि नंतर ते देशभर पसरले. तेव्हा विकत आणण्याआधी स्वतःच्या शिवारात शोधा. तुमच्याकडे ते आधीच असण्याची शक्यता बरीच आहे.

भुंगेऱ्यापेक्षा त्याची अळी जास्त कामाची. मादी पानाखाली अंडी घालते, चार-सहा दिवसांत अळ्या निघतात आणि आधी शेंड्याच्या कोवळ्या कोंबाकडे जातात. शेंडाच गेला की फुलोरा धरत नाही. मोठ्या झाल्या की पानं फस्त करतात आणि कोषात जायला मातीत उतरतात. अंड्यापासून भुंगेरा व्हायला साधारण महिना लागतो, म्हणजे एका पावसाळ्यात दोन-तीन पिढ्या. म्हणून सुरुवातीला सोडलेल्या पाचशे-हजार भुंगेऱ्यांचं त्या वर्षी काहीच दिसत नाही. आमच्याकडे तिसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये दिसलं: अर्ध्या माळावर नुसत्या काड्या उभ्या.

अर्ध्याच. कारण एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं. शिवाय गाजर गवताला ऋतू लागत नाही, ओल मिळाली की ते डिसेंबरातही उगवतं आणि तेव्हा आपले भुंगेरे झोपलेले. पाटाच्या कडेचं गवत त्यामुळे आम्ही फुलं यायच्या आत हातानेच उपटतो. हातमोजे घालूनच, माझ्या चुलत्यांना अंगावर खाज उठून वर्षभर औषधं घ्यावी लागली.

सूर्यफुलाचं. ही भीती नवी नाही. १९९० नंतर कर्नाटकात भुंगेरे सूर्यफुलावर दिसले आणि मोठा गदारोळ झाला. सरकारने चौकशी समिती नेमली. निष्कर्ष असा निघाला की गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले होते, त्यामुळे भुंगेऱ्यांनी पानं कुरतडली. पण सूर्यफुलावर त्यांचा वंश वाढत नाही. दोन्ही झाडं एकाच कुळातली, म्हणून शंका येणं साहजिक होतं. मी स्वतः सूर्यफूल लावत नाही, पण लावत असतो तर निर्धास्त झोपलो असतो, फक्त बांधावरचं गाजर गवत फुलू दिलं नसतं.

खरी मेख वेगळीच आहे. भुंगेऱ्यांनी मोकळ्या केलेल्या जागी काय उगवणार? कुरण उघडं राहिलं तर पुन्हा गाजर गवतच. ते माजतंच मुळी जास्त चरलेल्या, उघड्या जमिनीवर. काही जण उन्हाळ्याच्या शेवटी टाकळ्याचं बी फेकतात. तो गाजर गवताला दाबतो हे खरं, पण जनावरं टाकळाही खात नाहीत, मग गायरानाला काय मिळालं? आम्ही मारवेल या चाऱ्याच्या गवताची ठोंबं लावली आणि दोन पावसाळे तेवढ्या तुकड्यात चराई बंद ठेवली. यावरून भावकीत बोलणी खावी लागली. तुमचं तर गावाचं गायरान, म्हणजे आधी ग्रामसभेत विषय काढा.

गोळा करायचे तर जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी जा. झाकणाला भोकं पाडलेली प्लॅस्टिकची बरणी घ्या, आत गाजर गवताचेच ताजे कोवळे शेंडे घाला, उन्हात ठेवू नका आणि त्याच दिवशी सोडा. सगळ्या रानभर उधळू नका, दाट वाढलेल्या एकाच जागी सोडा. आणि त्या बाजूला तणनाशक किंवा कीटकनाशक मारणार नाही, एवढं शेजाऱ्याकडून आधी कबूल करून घ्या. आमच्या एका वर्षाच्या भुंगेऱ्यांची वाट तिथेच लागली होती.