आजोबांचं दप्तर, काजळाची शाई आणि जांभळी टॉर्च

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर माझ्या आजोबांच्या वेळचा एक रुमाल सापडला, लाल कापडात बांधलेले साठेक कागद. बहुतेक मोडी, पाच-सहा इंग्रजी. कौलं गळून पाणी पडलंय त्यामुळे निम्म्या कागदांवर चहा सांडल्यासारखे डाग आहेत आणि काही ठिकाणी अक्षर इतकं पुसट की भिंग लावूनही दिसत नाही. नातू म्हणतो इन्फ्रारेड, अल्ट्राव्हायोलेट लाईटने सगळं वाचता येतं, त्याने ऑनलाईन जांभळी टॉर्च मागवली पण. गावात एकाने सांगितलं सरळ लॅमिनेट करून टाका. काय करू?
– एक वाचक (वय ७६), वाई तालुका

उत्तर : काका, आधी लॅमिनेशनचं बोलते. नको म्हणजे नकोच. मी कॉलेजात असताना आजीचं एक पत्र फार प्रेमाने लॅमिनेट करून आणलं होतं, आज त्यात बुडबुडे आलेत, कागद आतून पिवळा पडलाय आणि ते प्लॅस्टिक आता निघत नाही कारण ते गरम होऊन कागदाला कायमचं चिकटलंय. फोटो काढायला गेलं की नुसती चमक येते. तेव्हा त्या गावातल्या माणसाला चहा पाजा आणि विषय बदला.

आता नातवाचं. त्याचं अर्धं बरोबर आहे. प्रकाश कुठला वापरायचा हे शाई ठरवते, आणि तुमच्या रुमालात बहुधा दोन तऱ्हेच्या शाया असणार. एक आपली जुनी, दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात घोटून केलेली, बोरूने लिहायची. काजळी म्हणजे कार्बन, तो वर्षानुवर्षं फिका पडत नाही, पण पाणी लागलं की डिंक सुटतो आणि अक्षर पसरतं किंवा धुऊन जातं. दुसरी लोहाची शाई, हिरडा किंवा मायफळाच्या काढ्यात हिराकस (लोहाचा क्षार) घालून केलेली. ही लिहिल्यावर काळी होते, मग हळूहळू तपकिरी पडते आणि कधीकधी कागदच खाते, अक्षराच्या आकाराची भोकं पडतात. तुमचे इंग्रजी कागद या शाईचे असण्याची शक्यता जास्त, मोडी बहुतेक काजळाचे. पण उशिराच्या मोडी कागदांवर दुसऱ्या शायाही सापडतात, म्हणून बघितल्याशिवाय पैज लावू नका.

इन्फ्रारेड म्हणजे लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. त्यात कार्बन काळाच्या काळाच राहतो आणि पाण्याचे, चहाचे तपकिरी डाग मात्र बरेचसे विरून जातात, म्हणजे डागाखालची काजळाची अक्षरं जणू काच पुसल्यासारखी वर येतात. लोहाची शाई याच प्रकाशात फिकी पडते, कधी गायबच होते! नातवाने इंग्रजी कागद बघितला आणि तो कोरा दिसला तर घाबरू नका, त्यातून उलट शाई कसली ते कळलं. तो कागद मग अल्ट्राव्हायोलेटखाली, म्हणजे जांभळ्याच्या पलीकडच्या प्रकाशाखाली घ्यायचा. तिथे कागद स्वतः निळसर उजळतो आणि लोहाची शाई तो प्रकाश गिळून टाकते, त्यामुळे साध्या डोळ्यांना न दिसणारं अक्षर चमकत्या कागदावर गडद उमटतं. पाण्याच्या डागाची कडाही चमकते कधीकधी, ती ओळ समजून वाचायला जाऊ नका.

हे काही नवीन नाही बरं का. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या प्राचीन ज्यू धर्मग्रंथांच्या गुंडाळ्यांचं चामडं इतकं काळं पडलेलं की त्यावर लिहिलंय की नाही हेच कळेना, आणि जेरुसलेममधे नजीब अल्बिना नावाच्या फोटोग्राफरने १९५० च्या दशकात इन्फ्रारेड फिल्मवर फोटो काढून ती अक्षरं दाखवली, कारण शाई कार्बनची. याच्या उलट गोष्ट प्राचीन ग्रीक गणिती आर्किमिडीजची. त्याच्या लिखाणाची दहाव्या शतकातली प्रत कोणीतरी खरवडली आणि १२२९ मधे त्याच चामड्यावर प्रार्थना लिहिल्या, खालची आणि वरची दोन्ही शाई लोहाची. १९९८ मधे न्यूयॉर्कला लिलावात ती पोथी २० लाख डॉलरला गेली आणि घेणाऱ्याने नाव न सांगता ती बाल्टिमोरच्या वॉल्टर्स म्युझियमकडे अभ्यासाला दिली. तिथे लाल प्रकाशातला फोटो आणि अल्ट्राव्हायोलेटचा फोटो एकत्र करून असं जमवलं की वरची प्रार्थना काळी दिसते आणि खालचा आर्किमिडीज लालसर. काही पानांवर मात्र विसाव्या शतकात कुणीतरी सोनेरी खोटी चित्रं रंगवली होती, त्यातून कुठलाच प्रकाश आरपार जाईना, मग ती पानं स्टॅनफर्डला नेऊन क्ष-किरणांनी नुसतं शाईतलं लोह शोधलं. एवढं तुम्हाला लागणार नाही म्हणा.

घरी काय जमेल? फुकटचा उपाय आधी. दिवसाउजेडी सावलीत मोबाईलने सरळ वरून फोटो काढा, मग नातवाला सांगा की कुठल्याही फोटो ॲपमधे लाल, हिरवा, निळा हे तीन चॅनल वेगळे करून बघ. तपकिरी डाग लाल चॅनलमधे फिके होतात आणि काळी काजळाची शाई तशीच राहते. पुसट तपकिरी शाई असेल तर निळा चॅनल बघायचा, त्यात ती गडद होते. साठातले निम्मे कागद इथेच वाचता येतील असं मला वाटतं, आणि हा उपाय लोक सगळ्यात शेवटी करतात.

इन्फ्रारेडसाठी जुना नाईट व्हिजनवाला सीसीटीव्ही कॅमेरा चालतो, खोलीत अंधार करून. साध्या मोबाईलचा उपयोग नाही, त्यात इन्फ्रारेड अडवणारी काच बसवलेली असते. आणि ती जांभळी टॉर्च? तिच्यावर आकडा बघा. ३९५ लिहिलं असेल तर ती नोटा तपासायला ठीक, पण ती स्वतःच इतकं जांभळं फेकते की कागदाची चमक त्यात बुडते. ३६५ ची हवी. कागदावर काही सेकंद मारायची, फोटो काढायचा, बंद. अल्ट्राव्हायोलेट कागदालाही खातं आणि डोळ्यांनाही, नातवाने टॉर्चमधे बघायचं नाही, अल्ट्राव्हायोलेट अडवणारा चष्मा लावायचा.

अजून एक. इंग्रजी कागदाखाली पातळ एलईडी पॅड ठेवून मागून उजेड द्या, कागदात वॉटरमार्क असेल तर दिसेल आणि नशीब असेल तर त्यात सालही मिळेल. चिकटलेले कागद ओढून सोडवू नका, उन्हात वाळत घालू नका, कुठलाही सेलोटेप नको. जसा क्रम आहे तसेच नंबर टाकून (पेन्सिलीने, पाकिटावर, कागदावर नाही) ठेवा. फोटो झाले की ते घेऊन पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात जा, मोडी वाचणारी माणसं तिथे भेटतात. मूळ कागद बसमधून हिंडवू नका, आधी फोटोच न्या.

प्रश्न : अजिंठ्याला फ्लॅश का मारू देत नाहीत? एका फ्लॅशने काय होतं?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : एका फ्लॅशने जवळजवळ काही होत नाही, खरं सांगते. पण प्रकाशाचं नुकसान साठत जातं, भरून येत नाही, म्हणून नाजूक चित्रांवर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड ठेवत नाहीत आणि तो रोज किती तास पडतो हेही मोजतात. शिवाय फ्लॅशला परवानगी दिली की प्रत्येक जण प्रत्येक बोधिसत्त्वापुढे उभा राहणार, आणि माणसांच्या श्वासाची दमट हवा मातीच्या गिलाव्याला प्रकाशापेक्षा जास्त त्रास देते.

माझ्या मते अजिंठ्याचं मोठं दुखणं मात्र वेगळं आहे. १९२० ते २२ मधे निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या जुनी चित्रं जपणाऱ्या दोघांना बोलावलं, त्यांनी सुटणारे रंग धरून ठेवले आणि वर शेलॅक म्हणजे आपली लाख चढवली. तेव्हा चित्रं एकदम चकचकीत दिसली असणार. पुढे ती लाख पिवळी, मग तपकिरी पडली आणि धूळ धरून बसली. गंमत अशी की लाख अल्ट्राव्हायोलेटखाली नारिंगी चमकते, म्हणजे कुठल्याही जुन्या चित्रावर लाख कुठे आहे आणि मूळ रंग कुठे उघडा आहे हे हात न लावता कळतं. काढणं अवघड, कारण जुनी लाख सहज विरघळत नाही, आणि जोर लावला तर खालचा रंगच सुटतो.