‘अनुवांशिक’ नको, आणि ‘विरुद्ध’ही नको

प्रश्न : नाशिकच्या एका शाळेत पालकसभेसाठी पत्रक करत आहोत. त्यात वाक्य आहे : ‘मुलाची बुद्धी ५० टक्के अनुवांशिक असते, उरलेली ५० टक्के संस्कारांवर अवलंबून असते.’ ‘अनुवांशिक’ बरोबर की ‘आनुवंशिक’? आणि ‘नेचर विरुद्ध नर्चर’ला ‘अनुवंश विरुद्ध संस्कार’ म्हटले तर चालेल का?

उत्तर : शुद्धलेखन आधी उरकू. मूळ शब्द ‘अनुवंश’. त्याला ‘इक’ लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते. समाज–सामाजिक, अनुषंग–आनुषंगिक, तसे अनुवंश–आनुवंशिक. ‘वांशिक’ हा शब्द कानात बसलेला असल्यामुळे त्याच्याआधी नुसता ‘अनु’ चिकटवला जातो आणि ‘अनुवांशिक’ तयार होतो. ‘पारलौकिक’, ‘आधिभौतिक’ अशा काही शब्दांत दोन्ही पदांना वृद्धी होते, हे खरे. पण पहिले पद तिथेही सुटलेले नाही.

‘संस्कार’ मात्र चालणार नाही. मराठीत संस्कार म्हटले की शुभंकरोती, मोठ्यांना नमस्कार, फार तर वाचनाची गोडी. ‘नर्चर’मध्ये याहून पुष्कळ काही येते : पोटात गेलेले अन्न, लहानपणीचे आजार, पाण्यातून किंवा रंगातून शरीरात गेलेले शिसे, शाळा, सवंगडी. शिशामुळे मुलाच्या बुद्धीवर परिणाम झाला तर त्याला ‘संस्कार कमी पडले’ म्हणणार का? ‘पर्यावरण’ हा पाठ्यपुस्तकी पर्याय आहे, पण तो वाचून पालकांना झाडे आणि प्रदूषण आठवेल. ‘परिस्थिती’ म्हटले की घरची बेताची परिस्थिती. ‘जडणघडण’ कानाला गोड, पण ती दोहोंतून झालेली निष्पत्ती आहे. एका बाजूचे नाव म्हणून ती वापरता येत नाही. पत्रकासाठी ‘भोवताल’ घ्यावा. शास्त्रीय लेखनात ‘परिवेश’ चालेल.

आता ‘विरुद्ध’. ही जोडी रूढ केली इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने, १८७४च्या पुस्तकात, आणि त्याने दोन शब्दांच्या मध्ये ‘आणि’ घातला होता. ही नादमधुर जोडी सोयीची आहे, असेही त्यानेच म्हटले आहे. माणूस जगात येताना जे घेऊन येतो ते नेचर, जन्मानंतर बाहेरून जे घडते ते नर्चर, अशी त्याची वाटणी होती. म्हणजे रेघ जन्माच्या क्षणावर. आज ती तिथे ओढत नाहीत, आणि इथेच मराठीत ‘जन्मजात’, ‘आनुवंशिक’ यांची गल्लत होते. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला (जर्मन गोवर) झाला तर बाळ बहिरे जन्मू शकते. हा बहिरेपणा जन्मजात आहे, आनुवंशिक नाही. उलट सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आजार पाहा. आपल्या जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात तो नवा शब्द नाही. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक. आजार पक्का आनुवंशिक, पण गर्भातले हिमोग्लोबिन काही महिने टिकत असल्याने तान्ह्या बाळात लक्षणे सहसा दिसत नाहीत. ‘उपजत’ हा शब्द कौशल्याला आणि प्रवृत्तीला लावतात. ‘उपजत सिकलसेल’ कोणी म्हणत नाही.

खरी अडचण ‘५० टक्के’ची आहे. जुळ्यांवरचे पन्नास वर्षांतले अभ्यास २०१५ साली एकत्र केले, तेव्हा सगळ्या गुणांची मिळून अनुवंशाची सरासरी ४९ टक्के निघाली. पण हा आकडा माणसामाणसांतल्या फरकांचा आहे. एका मुलाच्या बुद्धीची अशी अर्धी-अर्धी फोड होत नाही. निफाड-दिंडोरीकडच्या वाचकाला हे बागेतच दिसेल. थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षवाणाच्या एकाच वेलीच्या काड्यांवरून, एकाच खुंटावर कलमे बांधलेली बाग घ्या. सगळ्या वेलींचा अनुवंश जवळपास एकच. तरी एका ओळीत घड भरघोस आणि दुसरीत वांझ (बिनघडांच्या) काड्या, कारण उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांत (कळ्यांत) घड तयार होत असताना तिथे पाने दाट राहिली, ऊन पोचले नाही. या बागेत घडांच्या फरकातला अनुवंशाचा वाटा जवळपास शून्य. म्हणून थॉमसनचे बिनबियांचे असणे आनुवंशिक नाही, असे थोडेच? त्याच बागेत पाच वाणांची सरमिसळ केली आणि खत-पाणी-छाटणी सारखी ठेवली, की हाच वाटा एकदम वर जातो. द्राक्षाच्या जनुकांत काहीही बदल न होता! या वाट्याला इंग्रजीत हेरिटॅबिलिटी म्हणतात. म्हणून तिला ‘आनुवंशिकतेचे प्रमाण’ म्हणणे दिशाभूल करते. शब्द लांबला तरी ‘फरकांतला अनुवंशाचा वाटा’ म्हणावे. हा वाटा ज्या गटात मोजला त्याच गटापुरता खरा असतो, हेही सोबत लिहावे.

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण पत्रकात घालायचा मोह होईल. घाला, पण म्हणीतला वाण म्हणजे बैलाचा रंग. द्राक्षवाल्या पालकांना तो थॉमसन-सोनाकाचा वाण वाटेल, तेव्हा अर्थ खाली द्या. शिवाय तिथे गुण म्हणजे बहुतेक वेळा दुर्गुणच.

तुमचे वाक्य असे करता येईल : ‘मुलांच्या बुद्धीत एकमेकांशी जे फरक दिसतात, त्यांत अनुवंशाचाही वाटा असतो आणि भोवतालाचाही, एकाच मुलाच्या बाबतीत हे दोन वाटे वेगळे काढता येत नाहीत.’ टक्के गाळावेत.