शिशाच्या शिक्क्यावरचा माणूस

पत्राला लावलेल्या बायझंटाईन काळातल्या शिशाच्या शिक्क्यावर ‘लिऑन’ हे नाव वाचता आलं, अभिनंदन! पण इतिहासातल्या प्रसिद्ध लिऑनशी त्याची गाठ लगेच मारू नका. सुरुवातीला सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. लिऑन, योआनिस, कॉन्स्टंटिनोस ही नावं बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन, साम्राज्यात घरोघरी होती.

आधी मजकुराचा साचा पाठ करा: ‘प्रभो, तुझ्या सेवकाला साहाय्य कर’, मग नाव, मग मानाचा किताब, मग पद, शेवटी प्रांत. प्रोतोस्पाथारिओस हा किताब. स्त्रातिगोस, म्हणजे प्रांताचा सेनापती, हे पद. दोन्हींची गल्लत केलीत की माणूसच बदलतो. प्रांताचं नावही नीट बघा. थ्राकिसिओन म्हणजे युरोपातला थ्रेस नव्हे, तो आशिया मायनरच्या (आजच्या तुर्कस्तानच्या) पश्चिमेचा!

काळासाठी सध्या दोनच खुणा पुरेत. क्रॉसच्या आकाराचा मोनोग्राम (अक्षरं एकात एक गुंफून केलेलं चिन्ह) आणि चार कोपऱ्यांत अक्षरं असतील, तर बहुधा ८वं-९वं शतक. आडनाव असेल, तर बहुतेक ११वं किंवा नंतरचं, आणि तिथे ओळख पटण्याची शक्यता खरंच वाढते.

अक्षरं पुसट असली तरी शिक्का घासू नका, शिसं फार मऊ असतं. एका बाजूने तिरका प्रकाश पाडा, शिक्का फिरवत चार फोटो काढा. मग वॉशिंग्टनमधल्या डंबार्टन ओक्स या संशोधन संस्थेच्या शिक्क्यांच्या संग्रहात शोधा. तुमच्याकडे तुटलेली ओळ त्याच ठशाच्या दुसऱ्या शिक्क्यावर शाबूत मिळू शकते.